डबल बाससाठी गज कोणता घ्यावा?

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातले ट्रान्सफॉर्मर सेकंदाला १०० कंपनांनी गुणगुणतात. डबल बासची सर्वांत जाड तार त्याहूनही खाली, सुमारे ४१ कंपनांवर बोलते. तिला जागं करायला अख्ख्या हाताचं वजन गजातून तारेवर उतरावं लागतं, आणि शिकाऊंची अडचण नेमकी इथेच असते. हे वजन पकडीतून उतरतं, आणि पकडीनुसार गज दोन प्रकारचे असतात. फ्रेंच गज व्हायोलिनसारखा वरून धरतात. इटलीच्या बोत्तेसिनी या डबल बासवादकाने एकोणिसाव्या शतकात तो लोकप्रिय केला. जर्मन गजाची मूठ उंच असते आणि पकड सारंगीसारखी खालून. नाद दोन्हींतून उत्तम निघतो. तरी माझं मत असं: व्हायोलिनवर हात बसलेल्यांनी फ्रेंच घ्यावा, सारंगीवाल्यांनी जर्मन. मात्र तुमचे गुरू एकच पद्धत शिकवत असतील, तर तोच गज घ्या.