मुंबई उपनगर जिल्ह्यातील लोकसभा निवडणुका

मुंबई उपनगर जिल्ह्यातील लोकसभा निवडणुका या महाराष्ट्रातील मुंबई उपनगर जिल्ह्यातून भारतीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहात प्रतिनिधी पाठवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या निवडणुका होत. महाराष्ट्राच्या वाट्याला लोकसभेच्या ४८ जागा आहेत. त्यांपैकी मुंबई उत्तर, मुंबई उत्तर पश्चिम, मुंबई उत्तर पूर्व आणि मुंबई उत्तर मध्य हे चार मतदारसंघ पूर्णपणे या जिल्ह्यात येतात. मुंबई दक्षिण मध्य या पाचव्या मतदारसंघाचा काही भागही जिल्ह्यात मोडतो. वृत्तपत्रांत मुंबई उत्तर पश्चिम व मुंबई उत्तर पूर्व यांचा उल्लेख अनुक्रमे वायव्य मुंबई व ईशान्य मुंबई असाही केला जातो.

२०२४ च्या निवडणुकीत जिल्ह्यातील चार पूर्ण मतदारसंघांतून चार वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार विजयी झाले. मुंबई उत्तर पश्चिम येथील ४८ मतांचे मताधिक्य हे त्या निवडणुकीत देशभरातील सर्वांत कमी मताधिक्य ठरले.

मतदारसंघांची रचना

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली बृहन्मुंबईच्या विभाजनातून अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून जिल्ह्याचे मुख्यालय वांद्रे येथे आहे. जिल्ह्यात विधानसभेचे २६ मतदारसंघ आहेत. महाराष्ट्रात प्रत्येक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ समाविष्ट असतात. त्यानुसार जिल्ह्यातील विभागणी पुढीलप्रमाणे आहे.

• मुंबई उत्तर : बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप, मालाड पश्चिम
• मुंबई उत्तर पश्चिम : जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम, अंधेरी पूर्व
• मुंबई उत्तर पूर्व : मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व, मानखुर्द शिवाजीनगर
• मुंबई उत्तर मध्य : विलेपार्ले, चांदिवली, कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व, वांद्रे पश्चिम
• मुंबई दक्षिण मध्य (अंशतः) : अणुशक्तीनगर, चेंबूर

दक्षिण मध्य मतदारसंघातील धारावी, सायन कोळीवाडा, वडाळा व माहीम हे उर्वरित चार विधानसभा मतदारसंघ मुंबई शहर जिल्ह्यात आहेत. कुर्ला विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेच्या या पाचही जागा मात्र खुल्या आहेत.

२००८ ची पुनर्रचना

सध्याच्या सीमा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे आखल्या. त्या २००८ मध्ये अमलात आल्या आणि २००९ ची निवडणूक त्यांनुसार झाली. त्यापूर्वी मुंबई उत्तर मतदारसंघ शहराची हद्द ओलांडून वसई-विरारपर्यंत पसरलेला होता. तो भाग नव्याने निर्माण झालेल्या पालघर मतदारसंघात गेला.

नावे तीच राहिली तरी मतदारसंघांची क्षेत्रे मोठ्या प्रमाणावर बदलली. वांद्रे, खार हा परिसर उत्तर पश्चिममधून उत्तर मध्यमध्ये आला, तर धारावी व माहीम उत्तर मध्यमधून दक्षिण मध्यमध्ये गेले. त्यामुळे २००९ मध्ये विद्यमान खासदारांनाही जागा बदलाव्या लागल्या. प्रिया दत्त उत्तर पश्चिममधून उत्तर मध्यमध्ये, गुरुदास कामत उत्तर पूर्वमधून उत्तर पश्चिममध्ये आणि एकनाथ गायकवाड उत्तर मध्यमधून दक्षिण मध्यमध्ये आले. तिघेही विजयी झाले. एकाच नावाच्या मतदारसंघातील २००४ व २००९ च्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, ती याच कारणामुळे.

निवडणूक पद्धत

लोकसभेची निवडणूक सर्वाधिक मतांच्या तत्त्वावर होते. मतदारसंघात सर्वांत जास्त मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो, त्यासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे असावे लागते. त्याने भरलेली अनामत रक्कम, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास जप्त होते.

मतदान इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांवर होते. २०१९ पासून प्रत्येक मतदान केंद्रावर यंत्रासोबत मतदाराला आपल्या मताची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट उपकरणही असते. २०१३ पासून मतदारांना ‘वरीलपैकी कोणीही नाही’ अर्थात ‘नोटा’ हा पर्याय उपलब्ध आहे. मात्र नोटाची मते कितीही असली तरी निकालावर त्यांचा परिणाम होत नाही. निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी, सैनिक आदींची मते टपाली मतपत्रिकेद्वारे नोंदवली जातात. निकालास आव्हान द्यावयाचे असल्यास निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते.

प्रचारातील स्थानिक प्रश्न

रस्ते, कचरा, पाणीपुरवठा या उपनगरवासीयांच्या दैनंदिन गरजा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात, तर गृहनिर्माण व पुनर्विकासाचे नियम राज्य शासन ठरवते. तथापि उपनगरांतील अनेक प्रश्न थेट केंद्र सरकारशी निगडित आहेत. लोकलसेवा रेल्वे मंत्रालयाकडे आहे. विमानतळाच्या परिसरातील इमारतींच्या उंचीवर केंद्रीय नियमांमुळे मर्यादा येतात, त्यामुळे विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडतो. कांदिवली-मालाड येथील लष्करी आगाराभोवतीच्या बांधकामांवरही निर्बंध आहेत. मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील मिठागरांच्या जमिनींचा मोठा भाग केंद्राच्या मालकीचा आहे. २०२४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे मुलुंड येथे पुनर्वसन करण्यास होणारा विरोध हा ईशान्य मुंबईतील प्रचाराचा एक प्रमुख विषय होता.

मतदारांची रचनाही संमिश्र आहे. भांडुप, विक्रोळी व जोगेश्वरी येथे मराठी भाषकांची, मुलुंड, घाटकोपर व बोरिवली येथे गुजराती भाषकांची वस्ती मोठी आहे. मानखुर्द-शिवाजीनगर व कुर्ला येथे मुस्लिम मतदार लक्षणीय संख्येने आहेत. उत्तर भारतीय मतदार सर्वच मतदारसंघांत आढळतात.

इतिहास

१९५२ ते १९७१

पहिल्या लोकसभेत ‘मुंबई उपनगर’ याच नावाच्या मतदारसंघातून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या. १९५७ व १९६२ मध्ये मुंबईच्या उत्तर भागातून व्ही. के. कृष्ण मेनन विजयी झाले. १९६२ च्या लढतीत त्यांच्यासमोर आचार्य जे. बी. कृपलानी होते. संरक्षणमंत्री विरुद्ध काँग्रेसचे माजी अध्यक्ष अशा या लढतीकडे देशाचे लक्ष लागले होते. त्याच वर्षीच्या चीन युद्धादरम्यान मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले.

१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. त्यांनी उत्तर पूर्व मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडणूक लढवली, परंतु काँग्रेसचे स. गो. बर्वे यांनी त्यांचा पराभव केला. निवडणुकीनंतर लगेचच बर्वे यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा पराभूत केले. १९७१ मध्ये उत्तर पश्चिममधून हरी रामचंद्र गोखले निवडून आले. पुढे ते केंद्रीय कायदामंत्री झाले.

१९७७ ते १९८४

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत उपनगरांनी काँग्रेसला नाकारले. उत्तर पश्चिममध्ये राम जेठमलानी यांनी कायदामंत्री गोखले यांचा पराभव केला. उत्तरेतून समाजवादी नेत्या मृणाल गोरे, तर उत्तर पूर्वमधून सुब्रमण्यम स्वामी विजयी झाले. गोरेगावच्या पाणीप्रश्नावरील आंदोलनांमुळे मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून परिचित होत्या. १९८० मध्ये देशात काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली, तरी जेठमलानी व स्वामी यांनी आपल्या जागा राखल्या आणि उत्तरेतून जनता पक्षाचे रवींद्र वर्मा निवडून आले. १९८४ मध्ये मात्र तिन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. अनुपचंद शाह, सुनील दत्त आणि गुरुदास कामत हे त्या वर्षीचे विजयी उमेदवार होत.

१९८९ ते २००४

१९८९ पासून भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या युतीमुळे स्पर्धेचे स्वरूप बदलले. मुंबई उत्तरमधून राम नाईक १९८९, १९९१, १९९६, १९९८ व १९९९ असे सलग पाच वेळा निवडून आले. २००४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार व चित्रपट अभिनेते गोविंदा यांनी त्यांचा पराभव केला. उत्तर पश्चिममध्ये सुनील दत्त यांनी पाच वेळा विजय मिळवला. १९९६ व १९९८ मध्ये तेथे शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले होते. सुनील दत्त यांचे मे २००५ मध्ये निधन झाल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रिया दत्त विजयी झाल्या.

उत्तर पूर्व मतदारसंघात १९८४ पासून एकही खासदार लागोपाठ दोनदा निवडून आलेला नाही. गुरुदास कामत (१९८४), जयवंतीबेन मेहता (१९८९), कामत (१९९१), प्रमोद महाजन (१९९६), कामत (१९९८), किरीट सोमय्या (१९९९), कामत (२००४), संजय दिना पाटील (२००९), सोमय्या (२०१४), मनोज कोटक (२०१९) आणि पुन्हा पाटील (२०२४) असा हा क्रम आहे.

२००९ ते २०१९

२००९ मध्ये मुंबईतील सहाही जागा काँग्रेस आघाडीने जिंकल्या. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची ही पहिलीच लोकसभा निवडणूक होती. मुंबई उत्तरमध्ये संजय निरुपम यांनी राम नाईक यांचा ५,७७९ मतांनी, तर उत्तर पूर्वमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे संजय दिना पाटील यांनी किरीट सोमय्या यांचा २,९३३ मतांनी पराभव केला. या दोन्ही ठिकाणी मनसेच्या उमेदवारांना लाखाहून अधिक मते मिळाली होती. एकच मतदारवर्ग दोन पक्षांत विभागला गेल्यास तिसऱ्याला लाभ होतो, हे सर्वाधिक मतांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य या निकालांतून स्पष्ट होते.

२०१४ मध्ये चित्र पूर्णपणे पालटले. गोपाळ शेट्टी, गजानन कीर्तिकर, किरीट सोमय्या व पूनम महाजन या युतीच्या उमेदवारांनी चारही जागा मोठ्या फरकाने जिंकल्या. उत्तर पूर्वमध्ये सामाजिक कार्यकर्त्या मेधा पाटकर आम आदमी पक्षाच्या उमेदवार होत्या. २०१९ मध्ये युतीने चारही जागा राखल्या. मुंबई उत्तरमध्ये गोपाळ शेट्टी यांनी अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचा ४,६५,२४७ मतांनी पराभव केला.

२०२४ ची निवडणूक

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ठाकरे गटाचे मशाल हे चिन्ह प्रथम वापरले गेले ते याच जिल्ह्यात, नोव्हेंबर २०२२ मधील अंधेरी पूर्व विधानसभा पोटनिवडणुकीत. तीत ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि नोटाला दुसऱ्या क्रमांकाची, १२,८०६ मते मिळाली.

लोकसभेसाठी मुंबईत २० मे २०२४ रोजी पाचव्या टप्प्यात मतदान झाले व ४ जून रोजी मतमोजणी झाली.

| मतदारसंघ | विजयी उमेदवार (पक्ष) | मते | प्रतिस्पर्धी (पक्ष) | मते | मताधिक्य |
|---|---|---|---|---|---|
| मुंबई उत्तर | पीयूष गोयल (भाजप) | ६,८०,१४६ | भूषण पाटील (काँग्रेस) | ३,२२,५३८ | ३,५७,६०८ |
| मुंबई उत्तर पश्चिम | रवींद्र वायकर (शिवसेना) | ४,५२,६४४ | अमोल कीर्तिकर (शिवसेना-उबाठा) | ४,५२,५९६ | ४८ |
| मुंबई उत्तर पूर्व | संजय दिना पाटील (शिवसेना-उबाठा) | ४,५०,९३७ | मिहिर कोटेचा (भाजप) | ४,२१,०७६ | २९,८६१ |
| मुंबई उत्तर मध्य | वर्षा गायकवाड (काँग्रेस) | ४,४५,५४५ | उज्ज्वल निकम (भाजप) | ४,२९,०३१ | १६,५१४ |

अंशतः जिल्ह्यात येणाऱ्या दक्षिण मध्य मतदारसंघात शिवसेना-उबाठाचे अनिल देसाई यांनी राहुल शेवाळे यांचा ५३,३८४ मतांनी पराभव केला.

मतदानाचे प्रमाण मुंबई उत्तरमध्ये सुमारे ५७ टक्के, तर उत्तर मध्यमध्ये सुमारे ५२ टक्के होते. उत्तर पूर्वमध्ये मतदानाच्या आठवडाभर आधी, १३ मे रोजी, घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. १५ मे रोजी घाटकोपरमध्येच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा रोड शो झाला. निकालात मुलुंडने कोटेचा यांना मोठी आघाडी दिली, परंतु मानखुर्द शिवाजीनगरमध्ये पाटील यांना मिळालेल्या ८० हजारांहून अधिक मतांच्या आघाडीने ती भरून निघाली. उत्तर मध्यमध्येही असाच कल दिसला. विलेपार्ले भाजपच्या, तर कुर्ला, कलिना व वांद्रे पूर्व हे काँग्रेसच्या बाजूने राहिले.

मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल

या मतदारसंघातील मावळते खासदार गजानन कीर्तिकर शिंदे गटात होते, तर त्यांचे पुत्र अमोल कीर्तिकर ठाकरे गटाचे उमेदवार होते. त्यांचे प्रतिस्पर्धी रवींद्र वायकर जोगेश्वरी पूर्वचे आमदार होते व मार्च २०२४ मध्येच शिंदे गटात आले होते.

गोरेगाव येथील नेस्को केंद्रात मतमोजणी झाली. मतदान यंत्रांतील मतांत कीर्तिकर यांना ४,५१,०९५ व वायकर यांना ४,५१,०९४ मते मिळाली. म्हणजेच कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत मात्र वायकर यांना १,५५० व कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि एकूण बेरजेत वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिकांची फेरतपासणीही करण्यात आली. नोटाला येथे १५ हजारांहून अधिक मते पडली होती.

मतमोजणी केंद्रात मोबाइल फोन वापरल्याच्या तक्रारीवरून वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला. फोनवरील ओटीपीने मतदान यंत्र उघडता येते, असे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी ते फेटाळले. मतदान यंत्र कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते व त्यास ओटीपी लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. कीर्तिकर यांनी निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेली निवडणूक याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळण्यात आली.

भारतातील लोकसभा निवडणुकांच्या इतिहासात सर्वांत कमी मताधिक्य ९ मतांचे असून ते १९८९ मध्ये अनकापल्ली व १९९८ मध्ये राजमहल येथे नोंदले गेले. उत्तर पश्चिममधील मतदारांची संख्या १७ लाखांहून अधिक होती आणि त्यांपैकी सुमारे ४५ टक्के मतदारांनी मतदान केले नव्हते.

हेही पहा

• महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघ
• मुंबई उपनगर जिल्हा
• २०२४ लोकसभा निवडणुका
• परिसीमन आयोग