बाटलीभर फ्लश आणि चेंबरमधली जाळी

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की जॉब कार्डावर हल्ली एक ओळ हमखास वाढलेली दिसते: इंजिन फ्लश. सोबत तोंडी खुलासाही मिळतो, की आतला सगळा गाळ निघून जाईल, आवाज कमी होईल, ॲव्हरेज वाढेल. जुन्या गॅरेजमध्ये हेच काम लिटरभर डिझेल नाहीतर रॉकेल ओतून केलं जायचं. दोन्हींमागची कल्पना एकच, आणि रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर ती चुकीचीही नाही. पण गाळ किती साठलाय, कुठे साठलाय हे न बघताच बाटली ओतली, तर रडतखडत का होईना चालणारं इंजिन कायमचं बसू शकतं. म्हणून ग्राहकाने होकार देण्याआधी आत काय चाललेलं असतं ते समजून घ्यावं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. इंजिन पुरेसं तापलं तर पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत जळायला जातं. घर ते शाळा, शाळा ते मंडई अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तेवढं तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नये. तो रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. मग हे सगळं ऑइलमध्येच मुरत राहतं.

दुसरं टोक उष्णतेचं. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की ऑइल ऑक्सिजनशी संयोग पावण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. तळणीच्या कढईला बाहेरून जो तपकिरी, नखानेही न निघणारा थर चढतो, तसाच थर तापलेल्या धातूवर इंजिनातही चढतो. त्याला व्हार्निश म्हणतात. गाळ त्याहून मऊ, काळा आणि जाड. तो ऑइलचा वेग जिथे मंदावतो तिथे बसतो. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात, हेडमधून ऑइल खाली परतण्याच्या भोकांत आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी.

इथे किलोमीटरचा हिशेब दगा देतो. सरासरी ताशी २० किलोमीटरने शहरात चाललेल्या गाडीचे १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास. हायवेवर ताशी ८० ने धावलेल्या गाडीचे तेवढेच किलोमीटर १२५ तासांत होतात. मीटरवर दोघींचा आकडा सारखा, पण पहिलीच्या ऑइलने चौपट काळ मार खाल्लेला असतो. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा तर मीटर हलतही नाही. म्हणूनच मालकपुस्तिकेत बहुधा जरा मागच्या पानावर खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं: छोट्या फेऱ्या, धूळ, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक गाड्या याच वर्गातल्या, आणि तरीही ते पान फार कमी लोक उघडतात.

चांगल्या ऑइलमध्ये साफसफाईची सोय मुळातच असते. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा अडकून बसू लागल्या, तेव्हापासून ऑइलमध्ये डिटर्जंट घालण्याची वाट खुली झाली. आज त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते आम्ल मारतात आणि तापलेल्या भागांवर थर बसू देत नाहीत. शिवाय डिस्पर्संट असतात. ते काजळीच्या बारीक कणाभोवती कडं करून त्याला दुसऱ्या कणाला चिकटू देत नाहीत, म्हणजे कण ऑइलमध्ये तरंगत राहतो आणि ऑइल बदलताना बाहेर जातो. ऑइल काळं पडतं ते यामुळे. डिझेल गाडीत नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, आणि मालकाच्या पोटात उगाच गोळा येतो. खरं तर ते ऑइल त्याचं काम करत असतं.

फ्लश झाल्यावर ग्राहकाला ट्रेमधलं काळंकुट्ट ऑइल दाखवतात, त्याबद्दल मला म्हणूनच तक्रार आहे. ते ऑइल फ्लश न करताही काळंच निघालं असतं. त्यावरून गाळ निघाला की नाही हे काहीही कळत नाही.

बाटलीतलं द्रव्य साधारण दोन जातींचं असतं. एक झटपट: पेट्रोलियमपासूनचं पातळ द्रावक आणि थोडं डिटर्जंट. साधारण ३०० मिलीलीटरची बाटली गरम इंजिनाच्या जुन्या ऑइलमध्ये ओतायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. या वेळात ऑइल पातळ झालेलं असतं, म्हणून ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, गाडी चालवायची तर नाहीच. दुसरी जात सावकाश काम करणारी. ती ऑइलसोबत शेकडो किलोमीटर फिरते आणि थर हळूहळू सोडवते. हलकं व्हार्निश, थोडी चिकटलेली रिंग, सकाळी टकटक करणारा हायड्रॉलिक टॅपेट यांवर दोन्हींचा उपयोग होऊ शकतो. झिजलेलं बेअरिंग किंवा बोअर यांतून भरून निघत नाही, हे मात्र जाहिरात सांगत नाही.

घात होतो तो जाड गाळात. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या नळीच्या तोंडावर एक जाळी असते, स्ट्रेनर. गाळ साठलेल्या इंजिनाचं चेंबर उतरवलं की आधी डांबराचा वास येतो. तळाला बोट बुडेल इतका काळा, दाणेदार लगदा असतो, आणि जाळीवर साय धरल्यासारखी कातडी. तिच्यात कुठेतरी उघड्या राहिलेल्या भोकांतून इंजिन कसंबसं ऑइल ओढत असतं. आता वरून द्रावक आलं, टॅपेट कव्हरखालचे पोपडे सुटले आणि खाली आले, की ते थेट या जाळीवर बसतात. फिल्टर त्यांना अडवू शकत नाही, कारण फिल्टर पंपाच्या पुढे असतो आणि जाळी पंपाच्या आधी. पंपाला ऑइल मिळेनासं होतं, लाल दिवा लागतो, आणि तो दिसून गाडी बंद करेपर्यंत क्रँकच्या बेअरिंगने कधी कधी मान टाकलेली असते. टर्बो असेल तर तोही सोबत जातो.

गाळाने किती मोठ्या कंपन्यांना घाम फोडला याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९९७ ते २००२ या काळातल्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या दोन इंजिनांत, एक चार सिलिंडरचं आणि एक व्ही-६, ऑइल आतल्या आत गोठू लागलं. ही इंजिनं असलेल्या गाड्या सुमारे ३३ लाख होत्या. ऑइल वेळेवर न बदलल्याचा हा परिणाम, असं कंपनीचं म्हणणं होतं. वेळेवर बदलूनही इंजिन गेलं, असं कित्येक मालकांचं. अखेर २००२ मध्ये कंपनीने पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत, किलोमीटरची अट न घालता, अशा इंजिनांच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतली. मालकाने वाजवी देखभाल केल्याचा पुरावा मात्र द्यायचा होता. फोक्सवॅगनलाही १.८ टर्बो इंजिनाच्या पसाटसाठी २००४ मध्ये तसंच आठ वर्षांचं संरक्षण द्यावं लागलं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या मालकपुस्तिका तर इंजिन फ्लश करू नका, त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसणार नाही, असं बजावतात.

काही इंजिनांत तर बाटली दूरच ठेवावी. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट, जे आपल्याकडे इकोस्पोर्टमधून आलं, त्यात टायमिंगचा रबरी पट्टा ऑइलमध्ये भिजतच फिरतो. त्याला द्रावक मानवत नाही, आणि त्याचेच तुकडे जाळीत अडकतात. बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच ऑइलमध्ये असतो. बीएस-६ डिझेल गाड्यांची अडचण निराळी. छोट्या फेऱ्यांत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. तिथे ऑइल बदलणं आणि गाडीला हायवेवर मोकळं धावू देणं, हाच इलाज.

मग गाळ असलेल्या गाडीचं करायचं काय? आधी बघायचं. ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारावा. पावसाळ्यात झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर तो छोट्या फेऱ्यांतला ओलावा असू शकतो. पण रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. आत धातू सोनेरी-तपकिरी दिसला तर सावकाश काम करणारं द्रव्य किंवा नुसतं दर्जेदार सिंथेटिक ऑइलही पुरेल. काळे पोपडे दिसले तर फ्लशला साफ नकार द्यावा आणि मेकॅनिकला टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवायला सांगावं. गाळ हाताने खरवडून काढायचा, जाळी धुवायची किंवा बदलायची, पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाकायचा, कारण तो तुंबला असेल तर केलेली सगळी मेहनत काही महिन्यांत मातीत जाते. ऑइलचं प्रेशर गेज लावून मोजून घ्यायचं. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरून ते दोन-तीन हजार किलोमीटरलाच फिल्टरसकट बदलायचं, आणि काढलेला फिल्टर समोर कापून घ्यायचा. आतल्या कागदी घड्यांत अजून काळे कण सापडले, तर पुढचं ऑइलही तितक्याच लवकर बदलायचं. घड्या स्वच्छ निघू लागल्या की मग खडतर वापराच्या वेळापत्रकावर यायला हरकत नाही.