टुक आदल्या रात्री, थर ऐन वेळी

उल्हासनगरच्या सिंधी घरांत रविवारी दुपारी बेसन-चिंचेची कढी, भात आणि सोबत बटाट्याचे टुक हा आवडता बेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले, तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच म्हटले जाते. टुकही त्या माणसांबरोबर इथे आला. टुक म्हणजे तुकडा. जाड कापलेला बटाटा मंद आचेवर तळायचा, चपटा दाबायचा, पुन्हा कडक तेलात तळायचा आणि वरून तिखट, धणेपूड, आमचूर, मीठ भुरभुरायचे.

हाच टुक आता कढीच्या ताटातून बाहेर पडून साखरपुड्याच्या आणि गच्चीवरच्या वाढदिवसाच्या टेबलावर थरांचा चाट होऊन येतो. तळाला टुक, वर दही, चिंच-खजुराची चटणी, हिरवी चटणी, कांदा, शेव. चाळीस माणसांसाठी पाचेक किलो बटाटे लागतात. अंबरनाथ किंवा बदलापूरहून रोज लोकल पकडून नोकरीला जाणाऱ्यांना एवढे काम त्याच संध्याकाळी जमणे कठीण, म्हणून आदल्या रात्रीच तयारी होते. त्यात गैर काही नाही. मात्र रात्री कुठवर यायचे आणि कुठे थांबायचे, यावर चाटचा कुरकुरीतपणा ठरतो आणि पाहुण्यांची तब्येतही.

थांबण्याची जागा टुकच्या कृतीतच आहे, दोन तळणींच्या मध्ये.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि उरलेल्यात मोठा वाटा स्टार्चचा. तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसवर गेले की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि बटाटा मऊ होतो. तो गार झाला की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट होतात. फ्रिजमधला भात टणक होतो तो याच कारणाने. भाताला शिळा म्हणून नाक मुरडले जाते, टुकला मात्र हेच हवे असते. रात्रभर गार राहिलेला टुक दाबलेला आकार सोडत नाही, कढईत मोडत नाही. त्याचा पृष्ठभागही थोडा सुकतो, त्यामुळे १८० अंशांच्या तेलात पडताच त्यावर कडक पापुद्रा धरतो. फ्रेंच फ्राइजचे कारखानेही बटाटा अर्धवट तळून गोठवतात, शेवटची तळणी खाणाऱ्याच्या घरी होते. सिंधी स्वयंपाकघरात ही युक्ती कारखान्यांशिवायच रुळली होती.

पहिली तळणी मंद आचेवर, सुरी सहज आत जाईपर्यंत करावी. टुक गरम असतानाच दाबावेत, गार झाल्यावर दाबले तर चिरतात. इथे एक खाचखळगा आहे. दोन-अडीचशे टुक तळहाताने दाबायचे म्हणजे प्रत्येकाला हात लागणार. माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि विशेषतः बोटावरच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असू शकतो. अन्न उबदार राहिले तर तो विष तयार करतो आणि ते विष पुन्हा तळूनही जात नाही. त्यापेक्षा स्वच्छ धुतलेल्या वाटीच्या बुडाने दाबावे. आकारही एकसारखा येतो.

दुसरा धोका बटाट्यातच असतो, कारण बटाटा मातीतून येतो. मातीतल्या बॅसिलस सेरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. तेल १५० अंशांवर असले तरी टुकच्या आत पाणी असेपर्यंत तिथले तापमान शंभराच्या फारसे पुढे जात नाही, त्यामुळे काही बीजाणू वाचतात. अन्न ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळले की ते जागे होऊन वाढू लागतात. उलटी घडवणारे त्यांचे विष उष्णतेला दाद देत नाही. ‘परत तळले की सगळे मरते’ हा समज इथेच फसतो. जिवाणू मरतात, विष राहते. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होऊ शकतात.

शिजलेले अन्न बाहेर ठेवण्याची सर्वसाधारण मर्यादा दोन तास, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे लग्नसराईत एक तासच धरावा. गरम टुक पातेल्यात रचून वर झाकण ठेवले तर मधले टुक कित्येक तास कोमट राहतात, शिवाय वाफेने ओले होतात. परातीत एकाच थरात पसरावेत, पंख्याखाली गार करावेत आणि लगेच उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवावेत. समारंभाच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठासून भरलेल्या असतात, हा खरा अडसर. बाटल्या बाहेर राहिल्या तरी बिघडत नाहीत, टुक बिघडतो.

गरम बटाटा गच्च गुंडाळून ठेवण्याचे टोकाचे उदाहरण १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एल पासो शहरात घडले. तिथल्या एका उपाहारगृहात फॉइलमध्ये भाजलेले बटाटे फॉइलसकट बाहेरच ठेवले गेले आणि नंतर त्यांचे डिप केले गेले. ३० जणांना बोट्युलिझम झाला, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. आत हवा नाही, आंबटपणा नाही आणि ऊब भरपूर, अशी जागा त्या जिवाणूला मिळाली होती. असे क्वचित घडते, पण गरम टुकवर फॉइल आवळू नये हे कळायला ते पुरेसे आहे.

थर मात्र आदल्या रात्रीच काय, तासभर आधीही लावू नयेत. पापुद्रा कुरकुरीत असतो तो कोरडा असल्यामुळे. दही-चटणीतले पाणी त्यात मुरले की दहा-पंधरा मिनिटांत तो चामट होतो. चिंचेची चटणी दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येते, आंबटपणा आणि गोडी तिला सांभाळतात. हिरवी चटणी त्याच दिवशी लिंबू पिळून करावी. दही रात्रभर फ्रिजमध्येच फडक्यात टांगून घट्ट करावे. अगदी श्रीखंडाच्या चक्क्याइतके नको, पण ओघळणार नाही इतके. टुकवर आधी कोरडा मसाला, मग दही, मग चटण्यांची धार. कांदा आणि शेव सगळ्यात शेवटी. चाळीसही ताटल्या एकदम सजवू नयेत, आठ-दहाच्या खेपा कराव्यात.

दुसरी तळणीही खेपांनीच करावी. फ्रिजमधले टुक एकदम ओतले तर तेल थंड होते, आणि मग टुक तळले जाण्याऐवजी तेल पितात. रंग सोनेरी आला की काढावेत. बटाटा जास्त तापमानाला करपेपर्यंत तळला तर अॅक्रिलामाइड वाढते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये समोर आणले. गार केलेल्या बटाट्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि साखर किंचित हळू चढते, हे खरे. पण दोनदा तळलेल्या टुकला त्यामुळे मधुमेहींचा पदार्थ म्हणता येणार नाही. त्यांनी दोन टुक खाऊन थांबावे.

थर लावलेले जे उरेल ते टाकून द्यावे, कितीही जिवावर आले तरी. फ्रिजमधून बाहेरच न काढलेले, एकदाच तळलेले टुक मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी कडक तळून कढी-भाताबरोबर खुशाल वाढावेत.