बावीस नवख्यांचे डोळे

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत काचांचे ट्रे भरू लागतात. थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा परजीवी शोधायचा. जाड थेंबाची काच ‘निगेटिव्ह’ म्हणण्याआधी किमान शंभर फील्ड पाहावीत, असा दंडक आहे. फील्ड म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारा गोल. तो सरकवत सरकवत शंभर वेळा पाहायचा, आणि तेही एका काचेसाठी. पहिल्या काचेवरची नजर आणि संध्याकाळच्या शेवटच्या काचेवरची नजर सारखी राहत नाही, हे कोणताही लॅब टेक्निशियन मोकळेपणाने कबूल करील.

झटपट निदानाच्या किट आता गावोगावी पोहोचल्या आहेत आणि त्यांनी मोठे काम केले आहे. पण रक्तात परजीवी किती आहेत, औषधाने ते कमी होत आहेत की नाही, हे मोजायचे तर काचेला पर्याय नाही. आणि काच वाचणारे प्रशिक्षित डोळे जगात सगळीकडे कमी आहेत. मलेरिया जिथे जास्त, तिथे तर आणखीच कमी.

मग हे काम ज्याला मलेरियाचा ‘म’ ठाऊक नाही अशा माणसाला दिले तर? कोणत्याही डॉक्टरला हा प्रश्न ऐकून हसू येईल. पण माद्रिदच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातील मिगेल लुएंगो-ओरोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गांभीर्याने घेतला. त्यांनी ‘मलेरियास्पॉट’ नावाचा एक इंटरनेट गेम तयार केला. पडद्यावर जाड थेंबाच्या काचेचे छायाचित्र यायचे, हातात एक मिनिट असायचा, आणि जिथे परजीवी दिसेल तिथे क्लिक करायचे. दक्षिण आफ्रिकेतील मलेरियातज्ज्ञ जॉन फ्रीन या कामात त्यांच्यासोबत होते. महिनाभरात ९५ देशांतल्या लोकांनी १२ हजारांहून अधिक डाव खेळले आणि छायाचित्रांवर २ लाख ७० हजारांहून अधिक क्लिक जमा झाल्या. खेळणारे कोण होते, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

एकेका खेळाडूचा निकाल पाहिला तर डॉक्टरांचे हसू खरे ठरले असते. कुणी रंगाच्या कणाला परजीवी समजते, कुणी प्लेटलेटला, कुणी घाईत निम्मे सोडून देते. संशोधकांनी केले ते एवढेच, की एकाच छायाचित्रावरचे अनेकांचे डाव एकावर एक ठेवले. जिथे पुरेशा जणांची बोटे पडली तो परजीवी, जिथे एखाद्याचेच पडले ती चूक. असे २२ नवख्यांचे डाव एकत्र केले की मोजणीची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. खेळाडूंना फक्त एक मिनिटाचे प्रशिक्षण दिले, तर २२ ऐवजी १३ डाव पुरले. हा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात जादू नाही, हिशेब आहे, आणि तो जुना आहे. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावर भरेल ते वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मधला आकडा निघाला १२०७ पौंड. बैल भरला ११९८ पौंड. गाल्टन हा सामान्य माणसाच्या अकलेवर फार विश्वास असणारा गृहस्थ नव्हे. तरी त्याने आकडा जसा आला तसा छापला.

आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. त्याची गणिती बाजू कोंदोर्से या फ्रेंच विद्वानाने १७८५ मध्येच मांडली होती. समजा, एक माणूस शंभरात ८० वेळा बरोबर सांगतो. अशा अकरा जणांना वेगवेगळे विचारले आणि बहुमत घेतले, तर तो कौल शंभरात जवळजवळ ९९ वेळा बरोबर येतो. पण हाच हिशेब उलटही फिरतो. प्रश्न इतका फसवा असेल की प्रत्येक जण शंभरात ४० वेळाच बरोबर ठरतो, तर अकरा जणांचे बहुमत ४० वरून सुमारे २५ वर घसरते. गर्दी शहाणपण वाढवते, तसा गैरसमजही वाढवते.

शिवाय अट आहे ती ‘वेगवेगळे’ या शब्दाची. पाच तोंडे एकमेकांचे ऐकून बोलू लागली की ती पाच राहत नाहीत, एकच होते. व्हॉट्सअॅपवर फिरणारा एखादा काढा हजार लोकांनी पुढे पाठवला म्हणून त्याला हजार साक्षीदार मिळत नाहीत. प्लिमथच्या चिठ्ठीला सहा पेन्स पडत होते, म्हणून गंमत म्हणून कुणी भलता आकडा लिहीत नव्हते आणि जो तो आपल्या डोक्याने लिहीत होता. मलेरियास्पॉटमध्येही प्रत्येक जण आपला डाव एकटा खेळत होता.

अशा कामाला मोठ्या प्रमाणावर चालना मिळाली ती खगोलशास्त्रातून. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ने जवळजवळ दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली आणि पहिल्याच वर्षी दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक वर्गीकरणे करून दिली. त्या मंडळींनी पुढे उभारलेल्या ‘झूनिव्हर्स’च्या मदतीने ‘कॅन्सर रिसर्च यूके’ या संस्थेने २०१२ मध्ये ‘सेल स्लायडर’ सुरू केले. आता पडद्यावर आकाश नव्हते, स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप होते.

हा प्रयोग अधिक धाडसी होता. गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे की नाही यावर स्तनाच्या कर्करोगाचे बरेच उपचार ठरतात. रिसेप्टर असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात, नसेल तर वेगळा मार्ग धरावा लागतो. त्यासाठी कापाला खास रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट पाहतो की कर्करोगाच्या किती पेशींनी रंग घेतला आणि तो किती गडद आहे. एका रुग्णासाठी हे काम रोज होतेच. पण हजारो रुग्णांच्या जुन्या गाठी संशोधनासाठी तपासायच्या तर पॅथॉलॉजिस्टनी त्यासाठी वेळ आणायचा कुठून? म्हणून १२,३२६ नमुन्यांची १ लाख ८० हजारांहून अधिक लहान छायाचित्रे करण्यात आली आणि प्रत्येकासोबत साधे प्रश्न ठेवले. यात कर्करोगाच्या पेशी दिसतात का? किती पेशींनी रंग घेतला? किती गडद? सुमारे ९८ हजार लोकांनी उत्तरे दिली.

हे नमुने ज्या स्त्रियांचे होते, त्यांचे पुढे काय झाले ते संशोधकांना माहीत होते. त्यामुळे कसोटी नुसती ‘पॅथॉलॉजिस्टशी उत्तर जुळते का’ एवढीच राहिली नाही, रुग्णाच्या आयुष्याशी जुळते का, इथपर्यंत गेली. लोकांच्या वर्गीकरणानुसार रिसेप्टर असलेल्या गटात १५ वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण ७८ टक्के आणि नसलेल्या गटात ७२ टक्के निघाले. पॅथॉलॉजिस्टच्या वर्गीकरणानुसार हेच आकडे ७९ आणि ७१ होते. एकेक टक्क्याचा फरक! गटांतले अंतर थोडे बुजले, कारण काही नमुने चुकीच्या गटात गेले. पण निष्कर्षाची दिशा तीच राहिली.

यावरून पॅथॉलॉजिस्टची गरज संपली असे कुणी समजू नये. हजारो नमुन्यांत काही इकडचे तिकडे झाले तरी संशोधनाचा कल टिकतो. रुग्णालयात समोर बसलेल्या बाईच्या गाठीचा अहवाल चुकला, तर तिच्यासाठी ती चूक शंभर टक्के असते. मलेरियाच्या खेळातही परजीवी मोजायचे होते, तो व्हायवॅक्स की फॅल्सिपेरम हे ओळखायचे नव्हते. दोन्हींचे औषध वेगळे असते आणि फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. आणखी एक गोष्ट अशा बातम्यांत हमखास गळते. काच नीट रंगवलेली नसेल तर बावीस काय, बावीसशे डोळ्यांनाही तिच्यात काही दिसणार नाही. गर्दी साखळीच्या शेवटच्या कडीला बसते. आधीच्या कड्या, म्हणजे पाड्यावर जाऊन रक्त घेणारा आरोग्य कर्मचारी आणि काच रंगवणारा टेक्निशियन, तशाच लागतात.

भारतातही असा एक प्रयत्न झाला, आणि तोही क्षयरोगासारख्या आपल्या घरच्या दुखण्यासाठी. क्षयाच्या जंतूचा जनुकीय आराखडा १९९८ मध्येच वाचून झाला होता. त्यात सुमारे चार हजार जनुके आहेत. पण त्यातली कोणती काय काम करतात, याची माहिती हजारो शोधनिबंधांत विखुरलेली होती. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, २००८ मध्ये समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने औषधशोधाचा खुला प्रकल्प हाती घेतला आणि ‘कनेक्ट टू डीकोड’ या उपक्रमात विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून कामाला लावले. निबंध वाचायचे, जनुकाचे काम नोंदवायचे, एकमेकांच्या नोंदी तपासायच्या. त्यातून १४३४ प्रथिनांच्या परस्परसंबंधांचा नकाशा तयार झाला आणि औषधाने नेम धरावा अशी १७ संभाव्य लक्ष्ये पुढे आली. त्यांपैकी पाच आधीच प्रयोगांनी सिद्ध झालेली होती, म्हणजे नकाशा अगदीच भरकटलेला नव्हता. लक्ष्य सापडणे म्हणजे औषध सापडणे नव्हे. मधल्या वाटेला वर्षे आणि पैसा लागतो, आणि त्या वाटेवर गर्दी फारशी कामाला येत नाही.

कधी लोकांचे डोळे नव्हे, लोकांचे शरीरच माहिती देते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘कोविड सिम्प्टम स्टडी’ नावाचे अॅप सुरू झाले. आज काय होते आहे, ते रोज नोंदवायचे. ताप आणि खोकल्याकडे सगळ्यांचे लक्ष होते. पण २६ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींतून वेगळेच लक्षण वर आले. ज्यांची चाचणी झाली होती, त्यांतल्या पॉझिटिव्ह लोकांपैकी ६५ टक्क्यांनी वास किंवा चव गेल्याचे सांगितले होते. निगेटिव्ह लोकांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. हा अभ्यास मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रसिद्ध झाला आणि १८ मे रोजी ब्रिटिश सरकारने वास व चव जाणे हे लक्षण अधिकृत यादीत घेतले. फोडणीचा वास येईनासा झाला म्हणून धास्तावलेली घरे आपल्याकडेही पुढे किती दिसली!

तरी या आकड्यांतही एक खोच होती. त्या काळात ब्रिटनमध्ये चाचणी मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झालेल्यांची किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांची होत होती. म्हणजे २६ लाखांपैकी निकाल हाती असलेले फक्त १८ हजारांच्या आसपास, आणि तेही साऱ्या समाजाचा नमुना नव्हेत. स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसे मोजणीत आलीच नाहीत. बैलाच्या वजनात कुणी जास्त सांगते, कुणी कमी, आणि चुका एकमेकींना खोडतात. इथे मात्र साऱ्यांची चूक एकाच बाजूला झुकलेली असते. ती लाखांची कोटी केली तरी कमी होत नाही, उलट मोठा आकडा पाहून आपण जास्त निर्धास्त होतो. वासाचा निष्कर्ष खरा ठरला, कारण इतर देशांतून, इतर पद्धतींनी झालेल्या अभ्यासांतही तेच दिसले.

आता काचांची छायाचित्रे वाचायला संगणक शिकत आहेत. ते शिकतात माणसांनी आधी खुणा केलेल्या हजारो छायाचित्रांवरून. खेळ म्हणून केलेल्या क्लिक अशा तऱ्हेने यंत्राचे धडे होऊ शकतात. म्हणून खूण करणाऱ्याला आपल्या श्रमाचे पुढे काय होणार ते आधी सांगायला हवे. ज्याच्या रक्ताची ती काच आहे, त्याचे नाव तिच्यावर नसावे एवढे पुरेसे नाही. त्यालाही विचारलेले असावे.

बहुमताने चालणाऱ्या या जगात एकाचे वेगळे उत्तर चूक म्हणूनच टाकले जाते. बहुतेक वेळा ती चूकच असते. स्पेनमध्ये मात्र ‘मॉस्किटो अलर्ट’ या उपक्रमात लोक डासांची छायाचित्रे पाठवतात, ती प्रामुख्याने डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या टायगर डासावर नजर ठेवण्यासाठी. छायाचित्रे कीटकतज्ज्ञ स्वतः पाहतात. २०१८ च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या आस्तुरियास प्रांतातून एका नागरिकाने असेच एक छायाचित्र पाठवले. अंगावरचे पट्टे टायगर डासाचे वाटेनात. तज्ज्ञ तिथे गेले, डास पकडले, तपासले. तो ‘एडिस जॅपोनिकस’ निघाला, स्पेनमध्ये त्याआधी कधीही नोंद न झालेला. त्यासाठी एका माणसाने काढलेले एकच छायाचित्र पुरले होते.