सागाची वाढ आणि पैशाची वाढ

सागाचे झाड किती वर्षांत तोडीस येते, हे जोयडा तालुक्यातील माणसाला कोणी सांगावे लागत नाही. आजोबांनी पाहिलेल्या रोपाचे लाकूड नातवाच्या घराला लागते. पैशाच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण पुष्कळदा विसरले जाते, आणि फसवणुकीला तेथेच वाव मिळतो.

या तालुक्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. काळी नदीवरील धरणामुळे १९८० च्या दशकात जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि अनेक कुटुंबांना रामनगर येथे नव्याने संसार उभारावा लागला. आज काळी व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनाही मोबदला मिळतो. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पोसते. तिच्या बदल्यात आलेली रक्कम एका चुकीच्या सहीने नाहीशी होऊ शकते.

१९९० नंतर सागवानाच्या लागवडीत पैसे गुंतवून ते अनेक पटींनी परत घ्यावेत, अशा जाहिराती देशभर झळकल्या. १९९२ मध्ये चेन्नईत स्थापन झालेली अनुभव प्लांटेशन्स ही कंपनी १९९८ मध्ये कोसळली व हजारो ठेवीदारांची पुंजी बुडाली. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले. तरीही शेतजमिनीच्या नावाने पीएसीएल कंपनीने गोळा केलेले सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीला २०१४ मध्ये द्यावा लागला.

अशा योजनांचे गणित साधे असते. शंभर जणांकडून प्रत्येकी एक हजार रुपये घेतले, की एक लाख जमतात. त्यांतूनच दरमहा दहा टक्के ‘नफा’ वाटला, तर दहा महिन्यांत तिजोरी रिकामी होते. तत्पूर्वी नवे ठेवीदार आणावेच लागतात. आरंभीच्या लोकांना वेळेवर मिळालेले पैसे हा योजनेच्या सचोटीचा पुरावा नसून ते पुढील लोकांसाठी लावलेले आमिष असते.

पारख करण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. ७२ या संख्येला व्याजाच्या वार्षिक दराने भागले, की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने कळतात. आठ टक्के दराने नऊ वर्षे लागतात. एका वर्षात दामदुप्पट देऊ म्हणणारा हा पैसा कोठून आणणार, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात सोडवून घेतल्यास ते घरोघरी पोहोचेल.

बहुधा पैसे मागण्यास येणारा मनुष्य परका नसतो. तो नात्यातला किंवा गावातलाच असतो. त्यानेही सावध राहावे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध कायद्यानुसार अशा योजनेसाठी लोकांना प्रवृत्त करणाऱ्यास एक ते पाच वर्षे कारावास होऊ शकतो. भिशीची योजनाही १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे काय, हे पाहावे.

टपाल खात्यातील बचतीस केंद्र शासनाची हमी असते. बँकेतील ठेवीस प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे; पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. मोठी रक्कम हाती आल्यास प्रथम कर्ज फेडावे, वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद करावी आणि उरलेली रक्कम कुटुंबातील स्त्रियांसह सर्वांच्या विचाराने ठेवावी. दूरध्वनीवर आलेला गुप्तांक कोणासही सांगू नये. तसे घडून पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम रोखून धरण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते.

फसवणूक झालेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि त्याच्या मौनामुळे शेजारीही फसतो. म्हणून ग्रामपंचायतीने व अधिकाऱ्यांनी त्याला दोष न देता त्याची तक्रार नोंदविण्यास साहाय्य केले पाहिजे. झाडाला वाढण्यास वेळ द्यावा लागतो, तसाच पैशालाही. हे ज्याने ओळखले, त्याची पुंजी सहसा कोणाच्या हाती लागत नाही.