भट्टीसमोरचा स्क्रीन

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात. गाड्या थांबल्या की ढाब्याची टेबलं एकदम भरतात. अशा ठिकाणी कागदी केओटीऐवजी (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीऐवजी) स्क्रीन लावायचा, तर तो भट्टीपाशी उभ्या माणसाला वाचता यायला हवा. दोन मीटरवरून वाचायचं अक्षर निदान १ सेंटीमीटर उंच हवं. देवनागरीत ओळींमधली जागाही जास्त लागते, नाहीतर वेलांट्या-उकार कापले जातात.

शेवभाजीचंच बघा. शेव रश्श्यात आयत्या वेळी पडते. आधी टाकली की लगदा होतो. म्हणून आचाऱ्याला टेबलवार यादीआधी एकूण आकडा हवा: शेवभाजी ७, त्यात २ कमी तिखट. ‘कमी तिखट’ ही सूचना पदार्थाच्या नावाला चिकटूनच दिसावी. खाली बारीक अक्षरात लिहिलेली सूचना धांदलीत हमखास सुटते, आणि ताट परत येतं.

उशीर नुसत्या लाल रंगाने दाखवू नये. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही. सोबत मिनिटंही लिहावीत. कळण्याच्या भाकरीच्या पिठाने माखलेल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही; तिथे मोठी, धुता येणारी बटणंच बरी. चुकून ‘झालं’ दाबलेली ऑर्डर परत आणणारं बटणही त्यांतच हवं.