कर्करोग-तपासणी आणि चर्चचा आधार

स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रारंभीच लक्षात आला, तर तो बहुधा बरा होतो. तथापि काहीच दुखत-खुपत नसताना तपासणीसाठी रुग्णालयाची पायरी चढण्यास स्त्रिया सहसा राजी नसतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोरियन स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण विशेषत्वाने जाणवली.

१९६५ च्या कायद्यामुळे आशियाई लोकांना अमेरिकेची दारे खुली झाली आणि लॉस एंजेलिस, शिकागो, बाल्टिमोर आदी शहरांत कोरियन कुटुंबे वसली. अनेक दांपत्यांनी किराणा मालाची वा कपडे धुलाईची दुकाने थाटली. दुकान बंद ठेवून डॉक्टरकडे जाणे म्हणजे दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे! शिवाय विम्याचा अभाव, इंग्रजीचा अडसर आणि स्त्रीसुलभ संकोच. १९९० च्या कायद्याने विमा नसलेल्या अल्प उत्पन्नाच्या स्त्रियांसाठी तपासणीची सोय केली खरी. पण त्या सोयीपर्यंत त्यांना न्यायचे कोणी?

हे कार्य कोरियन चर्चच्या आश्रयाने साधले. या समाजाचे बहुसंख्य लोक रविवारी तेथेच एकत्र येतात. बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातील २३ चर्चमधून ५६० स्त्रियांना घेऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजातूनच निवडलेल्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांना वैद्यकीय शब्दांचे अर्थ, डॉक्टरांची वेळ कशी मागावी, काय विचारावे हे समजावून दिले आणि नंतर दूरध्वनीवरून सतत पाठपुरावा केला. हा पाठपुरावाच, आमच्या मते, या कार्याचा प्राण होय. नुसती माहितीपत्रके वाटून एवढे साधले नसते. मार्गदर्शन लाभलेल्या स्त्रियांत तपासणीचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळले.

शिकागोतील प्रयोग याहून कल्पक. तेथे पतींनाही सहभागी करून घेण्यात आले. ४२८ दांपत्यांपैकी काहींना कोरियन भाषेतील चित्रफीत दाखविण्यात आली, चर्चा घडवून आणली व घरी परस्परांशी या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले. या गटातील अधिक स्त्रियांनी स्तनांची क्ष-किरण तपासणी करून घेतली.

मुंबईतही टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये असाच मार्ग अवलंबिला होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गर्भाशयमुखाची तपासणी करण्यात आली. या आजाराने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी घटले.